मोठ्या भूकंपानंतर जपानातून गावी परत यायचं का? घाई न करता ठरवायचं कसं, टप्प्याटप्प्यानं

जपानात मोठा धक्का बसला की आपल्याकडची पोरं, म्हणजे यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, अमरावती इकडची, केअरगिव्हरच्या नाहीतर फॅक्टरीच्या कामावर गेलेली, दोन-तीन दिवसांत तिकीट काढतात. घरी माय रडत असते, टीव्हीवर तीच तीच दृश्यं दाखवत असतात, कोणी थांबा म्हणत नाही. मग कंपनीला अर्धवट सांगून निघायचं, एअरपोर्टवर एक खूण करायची राहून जाते, आणि दोन महिन्यांनी गावात बसून विचारायचं की भाऊ आता परत कसं जायचं, व्हिसा तर गेला. मी स्वतः तिकडं काम करून आलोय आणि आता तालुक्याच्या गावी राहून अशा पोरांचे कागद बघतो, आणि दरवेळी चूक तीच दिसते म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मूळ गोष्ट एवढीच की आत्ता गावी जाऊन येणं हा एक निर्णय आहे आणि कायमचं परत येणं हा दुसरा. पहिला घाबरलेल्या अवस्थेत घेतला तरी चालतो. दुसरा तसा घ्यायचा नाही. नुकसान झालेली बहुतेक पोरं पहिल्याच्या घाईत दुसरा घेऊन मोकळी झालेली असतात, त्यांना तो घेतलाय हे कळलेलंही नसतं.

लेख जपानवर आहे. आखाती देशांतल्यांसाठी मध्ये एक परिच्छेद टाकलाय.

## टप्पा ०: आपत्ती यायच्या आधीची तयारी

तिकडं सगळं शांत असतानाच हे करून ठेवा, धक्क्यानंतर यातलं अर्धं होत नाही.

पासपोर्ट, रेसिडन्स कार्डच्या दोन्ही बाजू, कामाचा करार, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, पेन्शन नंबर, बँक पासबुकाचं पहिलं पान, घरभाड्याचा करार, या सगळ्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तोच फोल्डर घरच्या एका माणसाला पाठवा. एकाच माणसाला, ज्याला फोन नीट वापरता येतो आणि जो घाबरट नाही. बाबांना नाही जमत तर चुलतभावाला द्या.

भारतातलं सिम चालू ठेवा. खूप दिवस वापर नसला की कंपनी नंबर बंद करते आणि आधार, बँक सगळ्याचा ओटीपी त्याच नंबरवर असतो. गावातल्या कोणाला तरी दर महिन्याला रिचार्ज मारायला सांगून ठेवा.

आणि राहता ते घर कधी बांधलंय ते विचारा. जपानात जून १९८१ पासून बांधकामाचे भूकंपविषयक नियम कडक झाले, त्याआधीच्या घरांना जुन्या नियमाची घरं म्हणतात. कंपनीनं दिलेली स्वस्त जुनी लाकडी खोली असेल तर पुढं थांबायचं का हे ठरवताना ही माहिती फार कामी येते.

तपासा: घरच्या माणसाकडं तुमच्या कंपनीचं नाव, पत्ता आणि तुमचं शहर कोणत्या प्रांतात येतं हे लिहिलेलं आहे का? "जपानले हाय" एवढंच माहीत असलेली घरं मी बरीच पाहिलीत.

## टप्पा १: पहिले सात दिवस फक्त जीव सांभाळायचा, ठरवायचं काहीच नाही

सात दिवस का म्हणतोय त्याला कारण आहे. मोठ्या धक्क्यानंतर साधारण आठवडाभर तेवढ्याच जोराचा धक्का येऊ शकतो असं जपानचं हवामान खातं दरवेळी सांगतं, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत तर जास्तच. कुमामोतोला २०१६ मध्ये १४ एप्रिलच्या रात्री ६.५ चा धक्का बसला, लोकांना वाटलं झालं ते झालं, काहीजण घरी जाऊन झोपले, आणि १६ एप्रिलच्या पहाटे दीडच्या आसपास ७.३ चा आला. पहिल्या धक्क्यात खिळखिळी झालेली घरं दुसऱ्यात बसली. म्हणून आठवड्याच्या आत "आता शांत झालंय, राहतो" हेही ठरवायचं नाही आणि "संपलं सगळं, कायमचा येतो" हेही नाही.

या दिवसांत करायचं ते असं:

१. हिनानजोत, म्हणजे सरकारी निवाऱ्यात जा. बहुतेक वेळा जवळची शाळाच असते. तिथं पाणी, खायला आणि फोन चार्जिंग मिळतं, परदेशी माणसालाही मिळतं, लाजू नका.

२. फोन लागत नसेल तर १७१ नंबरवर आवाजात निरोप ठेवता येतो. त्याचंच वेबवरचं रूप भारतातूनही उघडतं, तुमचा फोन नंबर टाकला की निरोप दिसतो. हे घरच्या त्या एका माणसाला आधीच शिकवून ठेवा.

३. घरावर चिकटवलेला कागद बघा. तपासणीवाले येऊन लाल, पिवळा किंवा हिरवा कागद लावतात. लाल म्हणजे आत पाय ठेवायचा नाही. पिवळा म्हणजे जपून आणि अगदी गरजेपुरतं. हिरवा म्हणजे वापरायला हरकत नाही.

इशारा: लाल कागद असलेल्या घरात पासपोर्ट राहिला म्हणून एकटं आत शिरू नका. पासपोर्ट दुसरा निघतो. दार उघडं असेल आणि चौकट तिरपी झाली असेल, भिंतीला कोपऱ्यातून आडवी-तिरकी भेग गेली असेल, तर कागद लावायला कोणी आलेलं नसलं तरी ते घर लालच समजा.

## टप्पा २: घरी काय सांगायचं

हा टप्पा लोक टप्पाच समजत नाहीत, पण निम्मे चुकीचे निर्णय इथंच होतात. व्हिडिओ कॉल लागतो, फोनभोवती माय, काकू, शेजारची आजी, दोन-चार पोरं, आणि सगळे एकदम म्हणतात "ये बाबू घरी, काही नको आम्हाले पैसे". त्या क्षणाला कोणीही हो म्हणेल.

म्हणून पहिल्या फोनवर फक्त तीन गोष्टी सांगायच्या: मी कुठं आहे, मला लागलेलं नाही (किंवा काय लागलंय), आणि पुढचा फोन किती वाजता करणार. येणार का नाही यावर बोलायचं नाही. "आठ दिवसांनी सांगतो" एवढंच, आणि ठरलेल्या वेळी फोन नक्की करायचा, नाहीतर इकडं रात्रभर कोणी झोपत नाही.

अंतर समजावून सांगा. टीव्हीवर "जपान हादरलं" एवढंच येतं. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात ७.६ चा भूकंप झाला तेव्हा तिथून दोन-तीनशे किलोमीटरवर असलेल्या पोरांच्या घरीही चूल पेटली नव्हती. नागपूरला पूर आला म्हणून कोल्हापूरच्या माणसाची चिंता करावी तसं ते आहे, असं मायला सांगितलं की तिला पटतं.

आणि रिश्टरचा आकडा सांगू नका, शिंदो सांगा. रिश्टर हा भूकंपाचा एकूण जोर असतो. शिंदो म्हणजे तुमच्या गावात प्रत्यक्ष किती हललं, जपानात तो ० पासून ७ पर्यंत मोजतात, त्यातल्या ५ आणि ६ चे सौम्य आणि तीव्र असे दोन-दोन भाग. "७.६ चा भूकंप, पण माझ्याकडं शिंदो ३" हे वाक्य घरच्यांना शांत करतं आणि ते खरंही असतं.

## टप्पा ३: रस्ते दोन नाही, तीन आहेत

थांबायचं का भारतात यायचं, एवढ्यावरच सगळे अडकतात. तिसरा रस्ता म्हणजे जपानातच दुसऱ्या प्रांतात जाणं, आणि पुष्कळदा तोच बरोबर असतो.

११ मार्च २०११ ला ९.० चा भूकंप, त्सुनामी आणि त्यानंतर फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाला, तेव्हा जपान सरकारनं २० किलोमीटरच्या आतल्या लोकांना हलवलं, अमेरिकेनं आपल्या नागरिकांना ८० किलोमीटर दूर जायला सांगितलं. टोकियो तिथून २०० किलोमीटरपेक्षा लांब. तरी पुष्कळ परदेशी लोक टोकियो सोडून गेले, काही आपापल्या देशात आणि काही फक्त ओसाकाकडं. ओसाकाला गेलेल्यांचा व्हिसा, पगार, बँक सगळं जागेवर राहिलं आणि जीवही सुरक्षित राहिला.

दुसऱ्या प्रांतात काम बदलता येतं का हे व्हिसाच्या प्रकारावर आहे. तोकुतेइ गिनो, म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या व्हिसावर असाल तर त्याच क्षेत्रातली दुसरी कंपनी धरता येते, फक्त इमिग्रेशनकडून बदलाची परवानगी येईपर्यंत नव्या ठिकाणी काम सुरू करायचं नाही. गिनो जिश्शू, म्हणजे ट्रेनिंगच्या व्हिसावर असाल तर तुमचं तुम्हाला बदलता येत नाही, ज्या संस्थेच्या देखरेखीखाली तुम्ही आहात तिच्यामार्फतच बोलावं लागतं. इंजिनिअर वगैरे लोकांना सगळ्यात सोपं.

तपासा: तुम्हाला जायचंय ते धोक्यापासून लांब, का एकटेपणापासून लांब? धोक्यापासून असेल तर दुसरा प्रांत पुरतो. एकटेपणा असेल तर घरी चार आठवडे जाऊन येणं हा बरोबर उपाय आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही.

## टप्पा ४: तिकिटाच्या आधी कंपनीशी बोला

क्रम महत्त्वाचा आहे, आधी कंपनी आणि मग तिकीट. २०११ मध्ये न सांगता निघून गेलेल्या परदेशी लोकांबद्दल मागं राहिलेल्या जपानी सहकाऱ्यांच्या मनात बराच राग राहिला. नर्सिंग होममध्ये काम असेल तर हे जास्तच लागू आहे, कारण तुम्ही गेलात की तिथल्या म्हाताऱ्या माणसांना उचलायला, खाऊ घालायला एक हात कमी होतो.

मॅनेजरकडून तीन गोष्टी लेखी घ्या:

१. सुट्टी मंजूर आहे, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आणि नोकरी चालू आहे.

२. कंपनी बंद असेल तर कधीपर्यंत, आणि त्या काळाचा पगार मिळणार का. मालकाच्या कारणानं काम बंद असेल तर कायद्यानं सरासरी पगाराच्या किमान ६० टक्के द्यावे लागतात. नैसर्गिक आपत्तीत थेट कंपनीचं नुकसान झालं असेल तर ही सक्ती राहत नाही, पण मग सरकारच्या इतर मदती असतात, त्यासाठी हॅलो वर्क या सरकारी रोजगार कार्यालयात विचारायचं.

३. आजपर्यंतचा पगार कधी जमा होणार.

कंपनीचं दिवाळं निघालं तर पगार बुडालाच असं धरून निघून येऊ नका. थकलेल्या पगाराचे ८० टक्के सरकार देतं, वरची मर्यादा ठरलेली असते, अर्ज लेबर स्टँडर्ड्स ऑफिसमार्फत करायचा. तिथं असतानाच अर्ज करणं सोपं जातं, गावातून हे करायला फार त्रास होतो.

इशारा: कामाच्या व्हिसावर असून तीन महिने किंवा जास्त ते काम केलं नाही आणि त्याला योग्य कारण नसेल तर व्हिसा रद्द करता येतो. सुट्टीचं लेखी पत्र हाच तुमचा पुरावा. नोकरीच सुटली असेल तर १४ दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवावं लागतं, हे ऑनलाइनही होतं.

## टप्पा ५: नुकसानीचे कागद

खोली आवरायच्या आधी फोटो काढा. बाहेरून चारही बाजूंनी आणि आतून प्रत्येक तुटलेल्या जागेचे. मग नगरपालिकेत जाऊन रिसाई शोमेइशो मागायचं, म्हणजे घराचं किती नुकसान झालं त्याचा दाखला. भाड्यानं राहत असाल तरी मागा. पुढं मदत, करात सूट, सरकारी घर, सगळ्याला हाच कागद लागतो. लोक काय करतात, दारावरचा लाल-पिवळा कागद हाच दाखला समजतात. तो नाही. तो फक्त आत जायचं का नाही ते सांगतो.

पासपोर्ट हरवला असेल तर इथं नीट वाचा. भारतीय दूतावास टोकियोत आहे आणि वाणिज्य दूतावास ओसाकात. घाईत गेलात की इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळू शकतं, पण ते फक्त भारतात यायला चालतं, एकाच बाजूचं. परत जपानला जायचं असेल तर नवा पासपोर्टच मागा, चार दिवस जास्त लागले तरी. हातात पैसेच नसतील, तिकिटालाही नसतील, तर दूतावासाकडं अडकलेल्या भारतीयांसाठी कल्याण निधी असतो, परिस्थिती बघून त्यातून मदत करतात. दूतावास दाद देत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकायची, ती घरचा माणूस गावातूनही टाकू शकतो.

## टप्पा ६: तात्पुरतं निघताना ती एक खूण

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं म्हणून सावकाश सांगतो.

२०११ मध्ये परत यायचं असेल तर निघायच्या आधी इमिग्रेशन ऑफिसात जाऊन री-एंट्री परमिट काढावं लागायचं. तेव्हा टोकियोच्या ऑफिससमोर मोठ्या रांगा लागल्या होत्या आणि जे तसेच निघून गेले त्यांचा व्हिसा गेला. ९ जुलै २०१२ पासून नियम सोपा झाला. तुमच्याकडं चालू पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड असेल आणि एका वर्षाच्या आत परत येणार असाल तर वेगळं परमिट लागत नाही. पण निघताना एअरपोर्टवर एक छोटं कार्ड भरावं लागतं, त्यावर "विशेष री-एंट्रीनं बाहेर जातोय" अशा अर्थाचा चौकोन असतो, इंग्रजीतही लिहिलेलं असतं, त्यात टिक करायची. पुढं काउंटरवर पासपोर्टसोबत रेसिडन्स कार्ड दाखवायचं आणि तोंडानंही सांगायचं की परत येणार आहे.

टिक राहिली की तुम्ही कायमचे गेलात असं धरलं जातं, रेसिडन्स कार्डाला तिथंच छिद्र पाडतात आणि व्हिसा संपतो. नवा काढायचा म्हणजे सगळी प्रक्रिया पहिल्यापासून, कंपनीनं परत कागद पाठवायचे, दोन-चार महिने कुठं गेले कळत नाही. एक बारीक चौकोन असतो तो. रात्रभर जागून, डोळे सुजलेले, मागं रांग, अशात तो सुटतो, म्हणून आधीच फोनमध्ये त्याचा फोटो बघून ठेवा.

लक्षात ठेवायच्या मर्यादा:

एक वर्ष ही वरची मर्यादा आहे. तुमचा व्हिसा त्याआधी संपत असेल तर ती तारीख लागू. ही मुदत भारतात बसून वाढवता येत नाही, कोणत्याही एजंटनं सांगितलं तरी. कायम रहिवासी असाल तरी हाच नियम. एक वर्षापेक्षा जास्त लागेल असं वाटत असेल तर निघायच्या आधी इमिग्रेशनमध्ये जाऊन साधं री-एंट्री परमिट काढा, ते जास्त काळाचं मिळतं.

विशिष्ट कौशल्याच्या पहिल्या प्रकारच्या व्हिसावर एकूण ५ वर्षं मिळतात आणि री-एंट्रीवर गावी घालवलेले दिवसही साधारणपणे त्यातच मोजले जातात.

आखातातल्यांसाठी: तिकडं नियम वेगळे. युएईचा साधा रेसिडन्स व्हिसा सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की जातो. सौदीत एक्झिट री-एंट्री आणि फायनल एक्झिट हे दोन वेगळे शिक्के, घाईत कंपनीनं फायनल एक्झिट मारून दिलं तर ते तुमचं कायमचं परतणं झालं. सही करायच्या आधी दोन्हीपैकी कोणतं ते विचारा. दहावी नापास म्हणून ईसीआर पासपोर्टवर, म्हणजे कामाला जायच्या आधी सरकारी मंजुरी लागते त्या पासपोर्टवर, गेला असाल तर जाताना प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी काढलेली असते, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं कव्हर असतं, तिचा कागद घरी शोधून ठेवा.

## टप्पा ७: गावात आल्यावर पहिला महिना

आल्या आल्या लोक विचारणार, "कायमचा आला का?" उत्तर एकच द्यायचं, "सुट्टीवर आलोय". मनात काहीही असो. कायमचा म्हणालात की दुसऱ्या दिवशी कोणी दुकानात भागीदारी मागतं, कोणी बटईनं दिलेलं वावर परत घ्यायला सांगतं, कोणी मुलगी दाखवतं नाहीतर ठरलेलं स्थळ मोडतं, आणि तुमचा निर्णय गावच घेऊन टाकतं.

पहिले दोन आठवडे हिशोब करायचा नाही. झोप, खाणं, नातेवाईक. ट्रक गेला, खाट हलली तरी दचकून उठायला होतं, ते साहजिक आहे, हळूहळू कमी होतं. महिना उलटून गेला तरी झोप लागत नसेल, तेच तेच डोळ्यांसमोर येत असेल तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि भीती हे परत न जायचं खरं कारण असू शकतं. ज्याला तिथं रात्रीची झोपच लागणार नाही त्यानं पैशासाठी जाऊ नये, हे मी घरच्यांनाही तोंडावर सांगतो.

तिसऱ्या आठवड्यात वही घ्या आणि दोन पानं करा.

पहिलं पान, जपान. हातात येणारा पगार, त्यातून खोली, खाणं, फोन वजा. समजा महिन्याला ८०,००० येन उरतात आणि येनचा भाव ५८ पैसे धरला तर ४६,४०० रुपये झाले. तुमचे आकडे टाका, भाव त्या दिवशीचा बघा.

दुसरं पान, गाव. इथं लोक स्वतःला फसवतात. समजा पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन, एकरी ६ क्विंटल, भाव ४,५०० मिळाला. तीस क्विंटलचे १,३५,००० झाले. एकरी १८,००० खर्च धरला तर ९०,००० गेले, उरले ४५,०००, आणि ते अख्ख्या हंगामाचे. हमीभाव २०२५-२६ ला ५,३२८ होता हे खरं, पण तुमच्या तालुक्याच्या बाजारात ओलाव्याच्या नावाखाली काय भाव लावतात ते बाबांना विचारा आणि तोच लिहा. पऱ्हाटी असेल तर वेचणीची मजुरी धरायला विसरू नका, आणि बोंडअळीचं एखादं वर्षही धरा.

मग कर्ज. जायच्या वेळी एजंटला, क्लासला पैसे भरले ते कुठून आले? पतसंस्थेचे असतील तर व्याज परवडतं. सावकाराचे शेकडा ३ नं असतील तर ३ लाखांवर महिन्याला ९,००० नुसतं व्याज जातं, म्हणजे वर सोयाबीनचे जे उरले ते पाच महिन्यांच्या व्याजात गेले. असं कर्ज डोक्यावर असताना कायमचं परतणं म्हणजे वावर गहाण टाकण्याकडं पहिलं पाऊल, आणि ही गोष्ट बाबांच्या समोर बसून, वहीवर दाखवून बोलायची. मायला वेगळं सांगायचं, तिला व्याज कळत नाही असं नाही, तिला फक्त तू हवा असतोस.

तपासा, गावाकडच्या बाजूचं:

वावर नेमकं कोणाच्या नावावर आहे, सातबारा काढून बघा. आजोबांच्या नावावरच असेल आणि वारसांची नोंद झाली नसेल तर ती आत्ताच, तुम्ही गावात असताना करून घ्या. शेतकरी ओळखपत्र आणि ई-पीक पाहणी झाली का बघा, नाहीतर अतिवृष्टीची मदत आली तरी अडकते. पीएम किसान एनआरआयला मिळत नाही, तुमच्या नावावर चालू असेल तर त्याचा हिशोबात आधार धरू नका. आणि जपानच्या पैशातून शेत घ्यायचा विचार असेल तर एनआरआय असताना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली ठेवता येते.

शेतीशिवाय इथं तुम्हाला काय काम मिळू शकतं तेही बघा, पण "बघू काहीतरी" असं लिहायचं नाही. केअरगिव्हिंग शिकलेल्याला नागपूरला घरगुती रुग्णसेवेचं काम मिळतं, जपानी भाषेची एन३, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा पास असेल तर पुण्याकडं भाषेचं काम मिळतं. दोन ठिकाणी प्रत्यक्ष फोन करून पगार विचारा, आणि तो आकडा दुसऱ्या पानावर लिहा.

## टप्पा ८: तारीख ठरवून निर्णय

निर्णयाची तारीख निघायच्या आधीच ठरलेली हवी. माझा सल्ला, सुट्टी संपायच्या तीन आठवडे आधी. त्या दिवशी तीन प्रश्न विचारायचे.

माझं राहायचं ठिकाण आता सुरक्षित आहे का, म्हणजे हिरवा कागद लागलाय का किंवा कंपनी दुसरी खोली देतेय का? काम खरंच सुरू झालंय का, मॅनेजरचा लेखी निरोप आहे का? आणि मला तिथं झोप लागेल का?

तिन्हीला हो असेल तर जा. पहिल्याला नाही असेल तर जाऊ नका, खोलीची सोय झाल्यावरच जा. दुसऱ्याला नाही असेल तर टप्पा ३ वर परत या, दुसऱ्या कंपनीचं बघा, मुदत अजून शिल्लक आहे. तिसऱ्याला नाही असेल तर पुढचा टप्पा वाचा.

इशारा: जूनमध्ये पेरणी तोंडावर आहे म्हणून, किंवा दिवाळी आहे म्हणून तारीख पुढं ढकलत गेलं की एक वर्षाची मुदत निघून जाते. मग निर्णय तुम्ही घेतला असं होत नाही, तारखेनं घेतला असं होतं.

## टप्पा ९: कायमचं यायचं ठरलं तर

शक्य असेल तर एकदा परत जाऊन, नीट आवरून या. दोन आठवडे पुरतात आणि तिकिटाचे पैसे बहुतेकदा यातूनच निघतात.

१. नगरपालिकेत तेनशुत्सु तोदोके, म्हणजे देश सोडतोय अशी नोंद. हिच्याशिवाय पुढचं पेन्शनचं होत नाही.

२. रहिवासी कर. १ जानेवारीला तुम्ही जपानात राहत होता तर मागच्या वर्षाच्या कमाईवर तो लागतो, एप्रिलमध्ये निघालात तरी. तो भरायला तिथल्या विश्वासू माणसाला नोझेई कानरिनिन, म्हणजे कर प्रतिनिधी नेमा. न भरता आलात आणि पुढं कधी परत जायचं झालं तर अडचण येते.

३. बँक खातं बंद करा. जाताना कोणी "खातं विकत घेतो" म्हणेल, तो गुन्हा आहे, आणि त्या खात्यातून फसवणूक झाली की नाव तुमचं येतं.

४. पेन्शनचे पैसे परत मागा. किमान ६ महिने हप्ते भरले असतील तर दात्ताई इचिजिकिन नावाची एकरकमी रक्कम मिळते, देश सोडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करायचा. कंपनीच्या पेन्शनवर त्यातून २०.४२ टक्के कर कापतात, तोही त्याच कर प्रतिनिधीमार्फत परत मागता येतो, आणि हे नव्वद टक्के पोरांना कोणी सांगतच नाही. एक विचार मात्र करा, १ ऑक्टोबर २०१६ पासून भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं जोडता येतात, पण एकरकमी पैसे घेतले की ती वर्षं जोडणीतून जातात. दोन-तीन वर्षंच काम केलं असेल आणि परत जायचं नसेल तर पैसे घेतलेले बरे.

५. इकडं बँकेत जाऊन सांगा की कायमचा परत आलोय. एनआरई खातं, म्हणजे परदेशात असताना तिकडची कमाई ठेवायला काढलेलं खातं, साध्या खात्यात किंवा आरएफसी, म्हणजे परत आलेल्यांच्या परकीय चलनाच्या खात्यात बदलून घ्यावं लागतं, तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. एनआरईवरच्या व्याजाला कर नव्हता, आता लागेल, म्हणून त्या वर्षीचं रिटर्न सीएकडून भरून घ्या.

पेन्शनच्या अर्जात बँक खात्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं लागतं. आपल्याकडं पासबुकावर वडिलांचं नाव मध्ये असतं, पासपोर्टवर नसतं, किंवा आडनावाचं एखादं अक्षर वेगळं असतं, आणि तेवढ्यावरून अर्ज परत येतो. म्हणून अर्ज पोस्टात टाकायच्या आधी बँकेत जाऊन नाव दुरुस्त करून घ्या, आणि शाखेकडून नाव, खाते नंबर आणि स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा कोड) असलेलं इंग्रजी पत्र शिक्क्यासकट मागा. गावच्या शाखेला स्विफ्ट कोड नसतो बऱ्याचदा, जिल्ह्याच्या किंवा नागपूरच्या मोठ्या शाखेचा चालतो, तो त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचा.